डाव्या विंगेतली मास्तरीण

सरकारच्या रंगमंचावरच्या विरामांवर समीक्षकांनी जे जे लिहिलं, ते मास्तरीण कात्रीने कापून वहीत चिकटवायची, आणि डिंक लावताना दर वेळी तिला हसू यायचं. ‘शब्दांपेक्षा मोठं मौन’ असं एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याला त्या मौनात अख्ख्या स्त्रीजातीचं दुःख दिसलं होतं. तिसऱ्याने तर घड्याळ लावलं होतं आणि साडेचार सेकंद भरले म्हणून वाचकांना कळवलं होतं. खरी गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक होती. सरकार वाक्य विसरलेली असायची, आणि डाव्या विंगेत स्टुलावर बसलेली मास्तरीण ते सांगेपर्यंत जो काय वेळ जाई, त्याला लोक अभिनय म्हणत होते. निदान मास्तरणीची तरी तशी समजूत होती.

सरकार हे काही तिचं नाव नव्हे. एकविसाव्या वर्षी पहिल्याच नाटकात ती राणी झाली होती. प्रयोग संपल्यावर मुकुट काढायचं विसरून ती तशीच रंगपटात शिरली आणि म्हणाली, “चहा आणा.” तिथल्या म्हाताऱ्या रंगभूषाकाराने कमरेत वाकून “जी सरकार” म्हटलं, ते कायमचं चिकटलं. आता छप्पन्नाव्या वर्षी नाट्यगृहाच्या दारवानापासून दिग्दर्शिकेपर्यंत सगळे तिला सरकारच म्हणत आणि चहाही आणून देत.

मास्तरीण मात्र खरोखरची मास्तरीण होती. शाळेत व्याकरण शिकवायची. सव्वीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी ओळखीने नटांचे उच्चार तपासायला म्हणून ती नाट्यगृहात आली, आणि नेमका त्याच दिवशी प्रॉम्प्टर तापाने फणफणला. “वाचता येतं ना? मग बस,” असं म्हणून तिला स्टुलावर बसवलं. दुसऱ्या अंकात सरकार अडली. मास्तरणीने मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात अख्खं वाक्य वाचून दाखवलं, स्वल्पविरामासकट. पुढच्या तीन रांगा हसल्या.

प्रयोगानंतर सरकार तिच्यासमोर येऊन उभी राहिली. “बाई, मी वाक्य विसरले होते, नाटक नव्हे. पुढच्या वेळी पहिला शब्द पुरे.”

“पुढची वेळ यायची नाही,” मास्तरीण म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

“येईल की. चहा घेणार?”

तो चहा सव्वीस वर्षं चालला आहे.

प्रॉम्प्टिंग म्हणजे कुजबुजणं, असं बाहेरच्यांना वाटतं. कुजबुजून सांगितलं तर नुसतं ‘स्स स्स’ होऊन ते प्रेक्षकांना ऐकू जातं आणि नटाच्या पदरात काहीच पडत नाही. आवाज खालच्या पट्टीतला, पण भरीव लागतो. शब्द एकच द्यायचा, पहिला, तोही अगदी वेळेवर. आधी दिला तर नट गोंधळतो, उशिरा दिला तर बुडतो. मास्तरीण हे वर्षभरात शिकली आणि मग तिच्या तोडीचं कुणी उरलं नाही. या कामाची एक किंमत मात्र होती. सव्वीस वर्षांत तिने सरकारचं एकही नाटक समोरून पाहिलं नव्हतं. तिला ठाऊक होता तो डावा गाल, डावा कान आणि मानेवरचा तीळ. ऐन विरामात तर तेवढंही नाही, कारण तेव्हा तिचे डोळे कागदावर असत आणि बोट ओळीखाली.

त्या दोघींचं काही झाकलेलं नव्हतं. चार वर्षं सगळ्यांना ठाऊक असून कुणी बोललं नव्हतं, इतकंच. मग एका वर्तमानपत्राचा माणूस मुलाखतीला घरी आला आणि त्याने विचारलं, “लग्नाचा विचार कधी केला नाहीत?”

“झालंय की,” सरकार म्हणाली. “ती काय, चहा गाळतेय.”

तो माणूस स्वयंपाकघराकडे बघून वहीत काहीतरी खरडू लागला, तशी सरकार पुढे वाकली. “लेस्बियन असं सरळ छापा. ‘खास मैत्रीण’ वगैरे छापलंत तर तुमच्या कचेरीत येऊन बसेन.”

त्याने सरळ छापलं. मास्तरणीच्या शाळेत पालकांचं पत्र आलं, मुख्याध्यापिकेने नजर चुकवत लांब रजा सुचवली, आणि मास्तरणीने रजेऐवजी राजीनामा दिला. दोन दिवस ती रडली. तिला मुलं आवडायची. तिची आई सात वर्षं त्या घराची पायरी चढली नाही. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा नाइलाजाने तळमजल्यावरच्या याच घरात राहायला आली आणि महिनाभर सरकारशी भिंतीकडे बघून बोलली. एकदा नळ फुटला. सरकार पान्हा घेऊन मोरीत उकिडवी बसली आणि तासाभराने चिंब भिजून उठली. आई खुर्चीतून बघत होती. “जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात,” ती म्हणाली, “पण आमच्या जावयाला निदान पान्हा धरता येतो.” त्या दिवसापासून घरात जावई आला. जावयाला हे सांग, जावयाला ते आणायला सांग. जावई बिचारा सगळं आणी.

सरकारला त्या मुलाखतीचा एकच घाव बसला, पण खोल. पुढच्या नाटकात तिला आईचं काम ठरलं होतं. नाटक कंपनीच्या मालकाने ते काढून घेतलं. “लोक तुला आई म्हणून घ्यायचे नाहीत,” तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, भित्रा होता, आणि भित्र्यांनी जगाचं जितकं नुकसान केलंय तितकं दुष्टांनाही जमलेलं नाही. पुढची बावीस वर्षं सरकार न्यायाधीश झाली, तुरुंगाची अधिकारी झाली, विष घालणारी नर्स झाली, दोनदा चेटकीण आणि एकदा भूत झाली. प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. आई मात्र तिला कुणी होऊ दिलं नाही. “नाटकात नवरा देत नाहीत ते ठीक,” ती म्हणायची, “घरीही मला नकोच होता. पण एखादं पोर द्यायला काय जातं यांचं?” सगळे हसत. मास्तरीण हसत नसे.

मालक वारले आणि कंपनी त्यांच्या तेहेतीस वर्षांच्या पुतणीच्या हाती आली. ही नवी दिग्दर्शिका कमी बोलायची. तिने सरकारच्या घरी एक संहिता पाठवून दिली. वरच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘तुम्ही: आई.’ सरकारने ती उभ्या उभ्या वाचली, न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. नळाचा आवाज थांबेना तेव्हा मास्तरीण आत जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

नाटक साधं होतं. घर सोडून गेलेल्या मुलीची वाट बघणारी एक आई. शेवटच्या प्रवेशात दार वाजतं आणि चौदा वर्षांनी मुलगी दारात उभी असते. आई तिच्याकडे बघते, बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणते, “चपला आत घे. भिजतील.” पडदा.

प्रयोगाला दहा आठवडे असताना मास्तरणीच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी निघाली, पण ऑपरेशनमध्ये आवाजाची शीर दुखावली. “येईल परत,” डॉक्टर म्हणाले, “थोडा येईल. वर्ष लागेल.” तोवर तोंडातून नुसती हवा. शिवाय पटकन श्वास आत घेतला की गळ्यात बारीक शीळ वाजे, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होते तशी. तिने गळ्यात एक पुसायची पाटी अडकवली. घरात आईला आताशा ऐकू येत नव्हतं आणि मुलीला बोलता येत नव्हतं, त्यामुळे दोघींचं कधी नव्हे इतकं पटू लागलं. आई भिंगातून पाटी वाचायची आणि शुद्धलेखनाच्या चुका काढायची, कारण मास्तरीण तिच्याच पोटची होती.

घरी सगळं हसण्यावारी जाई, तालमीत मात्र जाईना.

सरकार अडू लागली. भांडी घासताना तिला अख्खं नाटक यायचं, दुसऱ्यांच्या वाक्यांसकट. रंगमंचावर गेली की विरामाच्या जागी थांबे आणि थांबूनच राही. साडेचार सेकंदांचे दहा होत, दहाचे वीस. मास्तरीण सवयीने डाव्या विंगेत बसलेली असे, गळ्याची शीळ कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून रुमाल तोंडावर दाबून, श्वास रोखून. सरकारची मान डावीकडे वळे, तिथून काही येत नसे, आणि तोंडावर आलेला शब्द आतल्या आत विरून जाई.

उपाय पुष्कळ झाले. ध्वनी सांभाळणाऱ्याने सरकारच्या कानात बटणाएवढं यंत्र बसवलं आणि मागे बसून वाक्यं सांगू लागला. पहिल्याच वाक्याला सरकारने भर प्रवेशात मोठ्याने विचारलं, “काय?” मग मास्तरणीने लाकडावर टकटक करून बघितलं. ती टकटक मुलीचं काम करणाऱ्या नटीला दारावरची वाटली आणि चौदा वर्षांनी यायची ती मुलगी पहिल्या अंकातच घरी परत आली. सरकार उठून तिला म्हणाली, “आलीस तर बस, पण नाटक संपलं.” सगळे पोट धरून हसले. मास्तरणीने पाहिलं, सरकार संहिता उघडून तोच प्रवेश पुन्हा वाचत होती.

रविवारी तालीम संपल्यावर दिग्दर्शिकेने दोघींना थांबवलं. “बुधवारी दुपारी पूर्ण नाटक, सलग,” ती म्हणाली. “शेजारणीचं काम करते ना, तिला आईची वाक्यं पाठ आहेत. बुधवारी अडलं, तर मला तिला उभं करावं लागेल. सरकार, मला हे सांगताना बरं वाटत नाहीये.”

“सांगणाऱ्याला बरं वाटलं तरच काळजी करायची,” सरकार म्हणाली.

मास्तरणीचा तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नाही. बावीस वर्षं जिची वाट पाहिली ती भूमिका हातातोंडाशी आली होती, आणि ती जाणार होती तिच्या गळ्यामुळे. आणि त्याहून वाईट म्हणजे तिला वाटू लागलं की दोष गळ्याचा नाहीच, दोष तिचा. इतकी वर्षं पहिला शब्द देऊन देऊन तिनेच सरकारला पांगळं करून ठेवलं होतं. पोराला पुढचं अक्षर सारखं सांगत राहिलं की ते वाचायला शिकत नाही, हे मास्तरणीला कळायला नको होतं? बुधवारी सकाळी तिने पाटीवर लिहिलं, ‘मी आज विंगेत बसणार नाही.’

सरकार केस विंचरत होती. “मग कुठे बसणार?”

‘समोर.’

“आणि मी बघू कुठे?”

‘समोरच. लोक तिकिटं काढून तिथेच बसतात.’

“तुझं डोकं फिरलेलं दिसतंय,” सरकार म्हणाली आणि कंगवा आपटला. “पांगळ्याची कुबडी काढून घ्यायला हाच दिवस सापडला?”

‘कुबडी मीच आहे, म्हणूनच,’ असं मास्तरणीने लिहिलं. सरकारने वाचलं आणि दार लावून एकटीच नाट्यगृहाला निघून गेली. आईने खुर्चीतून ते बघून विचारलं, जावई रुसला का. मास्तरणीने मान हलवली आणि पाच मिनिटांनी चपला घालून तीही निघाली.

ती पाचव्या रांगेत मधोमध बसली. रिकाम्या नाट्यगृहात चार-पाच माणसं होती. दिग्दर्शिका पहिल्या रांगेत वही घेऊन, शेजारणीचं काम करणारी नटी विंगेत तोंडातल्या तोंडात आईची वाक्यं म्हणत. मास्तरणीला कसंतरीच वाटत होतं. मांडीवर कागद नाही, ओळीखाली बोट नाही. हाताला काम नाही म्हणून तिने पाटी घट्ट धरून ठेवली.

दिवे लागले आणि सरकार समोरून आत आली.

तिला दोन्ही गाल होते. हे काही आश्चर्य नव्हे, घरी रोजच असत, पण मास्तरणीला ते पाहून गलबलून आलं. पहिला अंक चांगला गेला. दुसऱ्यात पहिला विराम आला. सरकार थांबली, मान जराशी डावीकडे कलली, आणि मास्तरणीने जन्मात पहिल्यांदा तो विराम पाहिला.

ते तोंड तिच्या ओळखीचं होतं. रोज संध्याकाळी तिने बाहेरून कुलपात किल्ली फिरवली की स्वयंपाकघरातून जे तोंड डोकावायचं, ते हे. हातातलं काम थांबलेलं, कान दाराकडे, ‘आलीस?’ असं विचारायच्या आधीचं. म्हणजे हे तोंड सव्वीस वर्षं हजारो माणसांनी बघितलं होतं. मुलाखतीच्याही चार वर्षं आधीपासून सरकार प्रत्येक प्रयोगात हे सगळ्या जगाला सांगत आली होती, आणि जगाने त्याला स्त्रीजातीचं दुःख म्हणून वर्तमानपत्रात छापलं होतं. फक्त जिच्यासाठी ते होतं, ती कागदावर बोट ठेवून खाली बघत बसली होती. मास्तरणीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

त्या विरामातून सरकार कशीबशी निघाली. वाक्य उशिरा आलं. दिग्दर्शिकेने वहीत काहीतरी टिपलं. पुढचा विराम त्याहून लांबला, विंगेतली नटी पुढे सरकली. मग शेवटचा प्रवेश आला. दार वाजलं, दारात मुलगी उभी राहिली, आणि सरकार थांबली.

पाच सेकंद. दहा. सरकारची मान डावीकडे वळली, रिकाम्या स्टुलाकडे. पंधरा. दिग्दर्शिकेने पेन खाली ठेवलं. मुलीचं काम करणाऱ्या नटीच्या डोळ्यांत भीती दिसू लागली. मास्तरीण अर्धवट उठली. तिला काही सांगता येणार नव्हतं, आपण विंगेत नाही याचंही तिला भान उरलं नाही. ‘चपला’ हा शब्द तिच्या ओठांवर आला आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने, शब्द द्यायच्या आधी, तिने श्वास घेतला. रुमाल पर्समध्येच राहिला होता. गळ्यातली शीळ त्या रिकाम्या नाट्यगृहात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ऐकू गेली.

सरकारने मान फिरवली. डावीकडून समोर, अगदी सावकाश. तिने मुलीकडे पाहिलं आणि घरात बोलावं तशी बोलली, “चपला आत घे. भिजतील.”

मुलीचं काम करणारी नटी खरोखरच रडत होती. दिग्दर्शिका उठली, मागे वळली आणि पाचव्या रांगेकडे बघत म्हणाली, “तो आवाज काय होता?”

मास्तरणीने लाजेने पाटी तोंडासमोर धरली.

“जे काय होतं ते रोज पाहिजे,” दिग्दर्शिका म्हणाली. “तुमची खुर्ची कोणती ती बघून ठेवा. ती विकायची नाही म्हणून सांगते.” मग तिने विंगेतल्या नटीला हाक मारली आणि शेजारणीच्या कामात काय कमी पडतंय ते समजावू लागली.

घरी आल्यावर सरकारने नेहमीसारखा चहा टाकला. सकाळच्या भांडणाचा कुणी विषय काढला नाही. मास्तरीण ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिने लिहिलं, ‘वाक्य विसरली होतीस?’

“विसरेन कशी? त्या चपला मला झोपेतसुद्धा येतात.”

‘मग?’

सरकारने गॅस बारीक केला. “पहिली दोन-चार वर्षं विसरायचे, हे खरं. पुढे नाही विसरले कधी.” ती गाळणी शोधू लागली, ती समोरच होती. “तू शब्द द्यायच्या आधी श्वास घेतेस. मला ऐकू येतो तो. तो ऐकला की मला बोलावंसं वाटतं. म्हणून थांबत गेले. तू गप्प झालीस त्याचं मला काही नव्हतं गं, शब्द माझ्याकडे होतेच. पण तू तिथे श्वासच रोखून बसायला लागलीस.”

मास्तरणीने ‘मग?’ पुसून टाकलं. सव्वीस वर्षं ती समजत होती की आपण वाक्यं सांगतोय. तिला सरकारला पुष्कळ सांगायचं होतं. समोरून काय दिसतं ते, किल्लीचा आवाज ऐकल्यावरचं तोंड, लोकांनी काय पाहिलं आणि आपण काय पाहिलं नाही ते. तिने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. पाटी लहान होती. शेवटी तिने चारच शब्द लिहून ती पुढे केली, ‘समोरून अगदीच बावळट दिसतेस.’

सरकार वाचून हसू लागली, हसता हसता तिने मास्तरणीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती बराच वेळ तशीच राहिली. चहा उतू गेला.

“काय लिहिलंय?” आई खुर्चीतून ओरडली. दोघींपैकी कुणी हलेना, तेव्हा तीच काठी टेकत आली, पाटी ओढून घेतली आणि भिंगाखाली धरून एकेक अक्षर वाचलं.

“शुद्धलेखन बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि जावयाला म्हणाली, गॅस बंद कर.